निफाडला आमच्या उघड्यावरच्या हौदातल्या गोल्डफिशला थंडीनंतर पांढरे ठिपके आलेत, एक तळाशी बसून आहे, बाकीचे एकमेकांना ढोसतायत. कोणतं औषध टाकू?

निफाडची थंडी आणि त्यात तुमचा हौद उघड्यावरचा, म्हणजे मासे दोन महिने गारठलेलेच असणार. पण औषध आणायच्या आधी ठिपके नेमके कुठे आहेत ते बघा.

फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला बारीक कडक दाणे असतील आणि मासा मस्त खातपीत असेल तर तो आजार नाहीच, तो नर आहे. पाणी कोमट व्हायला लागलं की नरांना असे दाणे येतात आणि ते मादीच्या मागे लागतात, तुम्ही लिहिलंय ना की बाकीचे एकमेकांना ढोसतायत, ते बहुतेक हेच. मी पहिल्या वर्षी हेच दाणे बघून घाबरलो आणि मिथिलीन ब्लू या निळ्या औषधाची अख्खी बाटली ओतली, हौद शाईच्या दौतीसारखा झाला, फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मेले, माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया वाढला आणि चांगले धडधाकट मासे आठवड्याभरात आजारी पाडले मीच.

आता ठिपके शेपटीसकट सगळ्या अंगावर असतील, कोणीतरी मीठ भुरभुरल्यासारखे, आणि मासा पर मिटून भिंतीला अंग घासत असेल तर मात्र ते इक, परजीवी. तो कातडीत असताना कुठलंही औषध लागू पडत नाही, बाहेर पडून पाण्यात पोहायला लागला की मगच मरतो. पाणी २५ डिग्रीला असेल तर हे चक्र आठवड्याभरात होतं, गार पाण्यात कितीतरी जास्त दिवस लागतात, म्हणून ठिपके गेले की लगेच थांबू नका, दोन-तीन आठवडे धरा.

मी मीठच वापरतो, साधं खडेमीठ, लिटरला ३ ग्रॅम. हौद ६ बाय ४ फूट आणि पाणी २ फूट असेल तर साधारण १३५० लिटर, म्हणजे ४ किलो. एकदम नाही टाकायचं, तीन दिवसांत विभागून, बादलीत विरघळवून. कमळं असतील तर आधी बाहेर काढा, ती मिठाने जातात. आणि पाणी उन्हाने आटलं तरी मीठ आटत नाही, त्यामुळे नुसती भर घालताना परत मीठ नको, पाणी बदललंत तर जेवढं काढलं तेवढ्यापुरतंच टाका.

पण मीठ टाकायच्या आधी अमोनियाचं टेस्ट किट आणा, शून्यच यायला हवा. थंडीत पानं तळाशी कुजतात, फिल्टर सुस्त असतो, आणि ऊन पडलं की आपण लाडाने मूठमूठ खाणं टाकतो, तिथेच घोळ होतो. गाळ काढा, पाव हौद पाणी बदला, नळाचं असेल तर अँटी-क्लोरीन घालून, आणि चार दिवस खाणं बंद, काही होत नाही त्यांना.

तळाशी बसलाय त्याला हळूच टबात घ्या, हौदाचंच पाणी, एअर पंप लावून. लाल चट्टा किंवा खड्डा असेल तर जखमेत बॅक्टेरिया गेलेत, त्याला मीठ एकट्याने पुरणार नाही, जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, मनाने अँटिबायोटिक नको. खवले उभे राहून अननसासारखा दिसत असेल तर खरं सांगतो, माझा एकही वाचला नाही.

त्याचे दोन फोटो टाका, एक वरून आणि एक बाजूने, खवल्यांचं वरूनच कळतं.