प्रतिकारशक्ती वाढवू की कमी करू? हिरड्यांच्या आजाराबद्दल

तुम्ही लिहिलंय की वय 42, दोन वेळा ब्रश करता, तरी खालच्या दाढांभोवतीचं हाड झिजलंय. डॉक्टर म्हणाले, "जंतूंपेक्षा तुमची प्रतिकारशक्तीच हाड खातेय." धाकटा भाऊ कसाबसा एकदा ब्रश करतो, त्याचे दात घट्ट. आणि आता गुळवेलीचा काढा चालू ठेवावा की थांबवावा, हे तुम्हाला कळत नाहीये.

डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. मी 24 वर्षं हिरड्यांचेच पेशंट बघतेय. हे अर्धं वाक्य ऐकून घाबरलेले कितीतरी जण येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी भावाचं. श्रीलंकेच्या चहामळ्यांतल्या 480 मजुरांच्या तोंडांची तपासणी हिरड्यांच्या आजारांचे संशोधक हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 पासून 15 वर्षं केली. ब्रश नाही, दाताचा डॉक्टर नाही, दातांवर जंतूंचा थर आणि कीटण, म्हणजे तोच थर दगडासारखा टणक झालेला, सगळ्यांच्याच. तरी 8 टक्के लोकांचं हाड झपाट्याने गेलं, 81 टक्क्यांचं हळूहळू, आणि 11 टक्क्यांच्या हिरड्या सुजण्यापलीकडे काहीच झालं नाही. घाण सारखीच होती, तिला शरीराने दिलेलं उत्तर वेगळं होतं. तुमचं आणि भावाचंही तसंच असू शकतं.

आता आत काय होतं ते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. निरोगी तोंडातसुद्धा न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून निघून या फटीत सतत येत असतात. त्या आहेत म्हणून आपले दात जागेवर आहेत. पण दाताला चिकटलेला जंतूंचा थर चिवट असतो, तो काही त्यांना गिळता येत नाही. मग त्या आपली विकरं, म्हणजे ऊती तोडणारी एन्झाइम्स, बाहेरच सोडतात. त्या विकरांना जंतू कुठले आणि आपलं कोलॅजन, म्हणजे हिरडीतलं धाग्यांसारखं प्रथिन, कुठलं, हे कळत नाही. हिरडीला दाताशी बांधून ठेवणारे धागे तुटतात, फट खोल होते, थर आणखी खाली उतरतो, आणि तिथवर ब्रश पोचत नाही. त्यातले काही जंतू तर सुजेवरच पोसले जातात. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा त्यातला मुख्य. फुटलेल्या ऊतींतली प्रथिनं आणि रक्तातलं लोह हेच त्याचं अन्न.

सूज महिनोन्‌महिने राहिली की लिम्फोसाइट नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी जमतात. त्यांच्याकडून रँकएल नावाचा संदेश हाडापर्यंत जातो आणि हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होतात. म्हणजे हाड जंतू कुरतडत नाहीत, शरीरच ते जंतूंपासून मागे घेतं. डॉक्टरांना हेच म्हणायचं होतं.

मग प्रतिकारशक्ती कमी करायची का? अजिबात नाही. काही बाळं अशा दोषासह जन्मतात की त्यांच्या न्यूट्रोफिल पेशींना रक्तवाहिनीतून बाहेरच पडता येत नाही. त्यांचे दुधाचे दातसुद्धा हाडाचा आधार जाऊन पडतात. वाढवूनही उपयोग नाही, कारण तुमची प्रतिकारशक्ती दुबळी नाहीये. तिच्यासमोरचं कारण हलत नाही, म्हणून तिचं काम संपत नाही, इतकंच. काढ्याने कीटण सुटत नाही. ते हिरडीखालून खरवडूनच काढावं लागतं, म्हणून डीप क्लिनिंग. ते टाळू नका, पुढेही ढकलू नका.

दोन गोष्टी तुम्ही सांगितल्या नाहीत, त्या मी विचारते. साखर तपासलीत का? मधुमेहात ही सूज जास्त भडकते आणि लवकर शमत नाही. हिरड्यांवर उपचार केल्यावर साखरही थोडी खाली येते, हे मी अनेकांच्या रिपोर्टवर पाहिलंय. आणि विडी-सिगारेट? धूम्रपानाने हिरडीतून रक्त येणं कमी होतं, आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. मागे एक गृहस्थ आले होते, रोज विडीचं बंडल ओढणारे. हिरड्या फिकट, टणक, रक्ताचा थेंब नाही. मापाची सळई दाढेमागे घातली तर आठ मिलिमीटर आत गेली. सळई जात राहिली तसे त्यांचे डोळे मोठे होत गेले, ते मला अजून दिसतात.

कमी मात्रेचं, 20 मिलिग्रॅमचं डॉक्सिसायक्लीन काही पेशंटना देतात. तिथे ते जंतू मारायला नसतं, कोलॅजन तोडणारं विकर रोखायला असतं. पण ते सफाईच्या जोडीला, डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. दुकानातून स्वतःहून आणू नका.

सफाईनंतर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मापं घेतात. त्या दिवशी आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही चार्ट मागून घ्या. प्रत्येक दाताभोवती सहा आकडे असतात, ती फटीची खोली, मिलिमीटरमध्ये. तीनपर्यंत ठीक, पाच-सहा जिथे राहिले असतील तिथे अजून काम बाकी आहे. आकडे इथे टाकलेत तर मी दाताप्रमाणे वाचून सांगेन.