वाडा खरा, माजघर भलतीकडे

मागच्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती की मला सिरीयलच्या शूटिंगच्या जागा बघायला जाम आवडतं, घरचे हसतात तरी आवडतं. तेवढ्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. ज्यांचं लोणच्याला बुरशी वगैरे विचारायचं राहिलं त्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरा.

प्रश्न : ताई, आमची चोपड्याला 38 बायकांची भिशी आहे. दर वर्षी आम्ही शेगाव नाहीतर वणीला जातो. यंदा सगळ्यांचं एकमताने ठरलंय (हे पहिल्यांदाच झालं) की देव पुरे, सिरीयलचे वाडे बघायचे. ट्रॅव्हल्सवाला म्हणतो तीन दिवसात कोल्हापूरचा राणादाचा वाडा, साताऱ्याकडची गावं आणि कोकणातला नाईकांचा वाडा सगळं दाखवतो, माणशी 6500. शूटिंग चालू असेल, कलाकारांसोबत फोटो पण काढून देतो म्हणाला. पैसे भरायचे का?

उत्तर : थांबा ताई, अजून एक रुपया देऊ नका. आधी नकाशा उघडा. चोपड्याहून कोल्हापूर एका बाजूनेच 600 किलोमीटरच्या पुढे जातं, तिथून सिंधुदुर्ग अजून खाली, आणि मग तेवढंच परत यायचंय. तीन दिवसात हे बसवायचं म्हणजे तुम्ही वाडे कमी आणि ढाबे जास्त बघणार, दोन रात्री बसमध्येच जाणार आणि तिसऱ्या दिवशी कंबर कोणाची आणि उशी कोणाची तेच कळणार नाही. शिवाय एवढ्या पल्ल्याला दोन ड्रायव्हर आहेत का ते विचारा, एकच असेल तर तिथेच नाही म्हणा.

आता त्याच्या बोलण्यातलं खरं किती ते बघू. राणादाचा वाडा खराच आहे, कोल्हापूरजवळच्या वसगड्यात, आणि 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली 2016 ला, तेव्हापासून लोक तिथे लोटायला लागले. पण ती मालिका 2021 च्या जानेवारीतच संपली! मग शूटिंग कशाचं दाखवणार आणि फोटोला कलाकार कुठून आणणार तो? कोकणातला नाईकांचा, म्हणजे 'रात्रीस खेळ चाले'चा वाडा पण खरा, आकेरी गावात, सावंतवाडीच्या रस्त्याला. तोही बघायला मिळेल, पण बाहेरून, कारण ते कोणाचं तरी घर आहे हो, म्युझियम नाही.

आणि एक गोष्ट कोणताच ट्रॅव्हल्सवाला सांगत नाही. सिरीयलमध्ये जे घर आपण रोज रात्री बघतो ते पुष्कळदा एका जागी नसतंच. बाहेरचा दरवाजा एका गावातला, आतलं माजघर म्हणजे गोरेगावच्या फिल्मसिटीत नाहीतर ठाण्याच्या घोडबंदर रोडला उभा केलेला सेट, आणि श्रीमंतांचा बंगला बऱ्याचदा मढ आयलंडचा. ते पण कायमचं नसतं. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं तेव्हा कितीतरी मराठी मालिका रातोरात गोवा, गुजरात, सिल्वासाकडे गेल्या. म्हणजे तुम्ही ज्या गच्चीवरचा रुसवा बघून डोळे पुसले ती गच्ची कदाचित दमणची असेल.

माझंच सांगते. चार वर्षांपूर्वी मी आणि माझी नणंद अशाच एका ट्रॅव्हल्सने साताऱ्याकडे गेलो होतो (कुठली ते सांगत नाही, मालक अजून ओळख दाखवतो). शेवटच्या वळणावर गाईडने माईकवर टायटल साँग लावलं, बसमध्ये एकदम शांतता, नणंदेच्या डोळ्यात पाणी. उतरलो तर दारात एक आजी सुपात गहू पाखडत बसलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, बाहेरूनच बघा आणि विहिरीच्या कठड्यावर चढू नका. अंगणात ते तुळशीवृंदावन, ज्याच्याभोवती नायिकेने किती फेऱ्या मारल्या असतील देव जाणे. मी हात लावला तर टक्क असा पोकळ आवाज, प्लायवूड! खालच्या कडेचा रंग उडालेला, फळी उघडी पडलेली आणि तिच्यावर खडूने नंबर टाकलेला. आजी म्हणाल्या, शूटिंगवाले टाकून गेले, आम्ही त्याच्यावर वाळवण घालतो. त्यांची खरी तुळस मागच्या दारी होती, तेलाच्या कापलेल्या डब्यात. नणंद म्हणाली आपण फसलो. मला उलटं वाटलं, माझे पैसे तिथेच वसूल झाले, नुसता वाडा बघून आले असते तर आठवडाभरात विसरले असते.

तर जायचंच असेल तर एकच टोक धरा. कोल्हापूर धरा, अंबाबाईचं दर्शन घ्या म्हणजे सासूबाईपण खूष, चार दिवस ठेवा. ट्रॅव्हल्सवाल्याकडून कागदावर लिहून घ्या की कुठला वाडा, आत जायला मिळणार की बाहेरून, आणि घरमालकाला आधी विचारलंय का. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, नाईट हॉल्ट यात धरलेत की वर लागणार तेही लिहून घ्या, भांडणं तिथेच होतात. बायकांच्या ट्रिपला बाथरूमची सोय कुठे कुठे आहे हा सगळ्यात मोठा प्रश्न असतो आणि तो विचारायला सगळ्या लाजतात, तुम्ही विचारा. एसटीचा पण पर्याय आहे, डेपोत जाऊन प्रासंगिक करारावर अख्खी गाडी घेता येते. तिथे हिशोब किलोमीटरवर चालतो, तिकिटावर नाही, त्यामुळे अर्ध्या तिकिटाचं गणित डोक्यातून काढून टाका.

आणि खरं विचाराल तर 38 जणी असाल तर मी हैदराबादचं रामोजी सांगेन. 1996 ला उभी राहिलेली, 1666 एकरांची फिल्मसिटी, तिथे त्यांचीच बस, त्यांचाच गाईड, बाथरूम जागोजागी. तिथे कोणी खोटं लपवत नाही, उलट तेच दाखवतात. एकाच बिल्डिंगला या बाजूने एअरपोर्ट, वळसा घालून गेलात की हॉस्पिटल. बायका तिथे पोट धरून हसतात.

प्रश्न : मी रेल्वेतून रिटायर, भुसावळ. मुलगी-जावई बेलफास्टला आहेत, आम्ही दोघं मे महिन्यात चाललोय. मुलीने आमच्यासाठी 'गेम ऑफ थ्रोन्स' या इंग्रजी सिरीयलच्या लोकेशनची दिवसभराची बस टूर बुक करून टाकली. तयारी म्हणून आम्ही पहिला एपिसोड लावला आणि बंद करावा लागला, समजून घ्या. आता काहीच न बघता जाऊन काय कळणार? कॅन्सल करायला सांगू का?

उत्तर : काका, समजलं! कॅन्सल अजिबात करू नका. मुलीने चांगली गोष्ट बुक केलीय आणि सिरीयल न बघताही ती चालते, किंबहुना तुम्हाला जास्त चालेल.

सकाळी बेलफास्टमधून बस निघते आणि अँट्रिमच्या किनाऱ्याकिनाऱ्याने वर जाते, एका बाजूला समुद्र आणि एका बाजूला हिरवे डोंगर. वाटेत कुशेंडनच्या गुहा, बॅलिंटॉयचं इवलंसं बंदर. तुम्हाला ते बंदर म्हणूनच दिसेल, बाकीच्या लोकांना तिथे सिरीयलमधली आयर्न आयलंड्स नावाची बेटं दिसतात, आणि ते लोक बंदरापेक्षा बघण्यासारखे असतात. काहीजण तर अंगावर झगे घालून येतात. बऱ्याच टूरवर गाईड म्हणजे त्याच सिरीयलमध्ये गर्दीत उभी राहिलेली माणसं असतात, दाढी वाढवून पावसात दिवसदिवस उभं राहणं, जेवायला लाईन, असले किस्से सांगतात. ही सिरीयल 2011 ते 2019 चालली, त्यामुळे किश्श्यांना तोटा नाही.

मग येतात डार्क हेजेस, दोन्ही बाजूंनी बीच जातीची झाडं एकमेकात गुंतून रस्त्यावर छत झालेलं. 1775 च्या सुमारास स्टुअर्ट नावाच्या घराण्याने आपल्या हवेलीच्या वाटेवर ती लावली, पाहुण्यावर छाप पडावी म्हणून. सिरीयलमध्ये तो रस्ता दिसतो काही सेकंद, बस! पण त्या काही सेकंदांनी एवढी गर्दी झाली की 2017 ला तिथे गाड्या बंद कराव्या लागल्या, आता चालत जायचं. 2016 च्या वादळात काही झाडं पडली तर त्या लाकडाचे 10 कोरीव दरवाजे करून वेगवेगळ्या पबमध्ये लावलेत. आपल्याकडे पडलेल्या कडुलिंबाचं सरपण झालं असतं, फार तर खाटेचे पाय.

बहुतेक टूर जायंट्स कॉजवेलाही थांबतात. गंमत अशी की तो सिरीयलमध्ये नाहीच, तरी दिवसातला सगळ्यात चांगला तास तोच. सुमारे 40,000 दगडी खांब, बहुतेक षटकोनी, समुद्रात पायऱ्यांसारखे उतरलेले. काका, हा आपलाच दगड आहे, थंड झालेल्या लाव्हाचा काळा बेसाल्ट, ज्यात अजिंठा कोरलाय. तिथला साधारण 6 कोटी वर्षांचा, आपला दख्खनचा त्याहून थोडा जुना, साडेसहा कोटींच्या आसपास. गाईडला हे सांगा, खूष होईल.

दोन गोष्टी मात्र बघा. टूर बेलफास्टहूनच निघते ना याची खात्री करा, कारण सारख्याच नावाच्या टूर डब्लिनहूनही निघतात आणि बेलफास्ट ब्रिटनमध्ये येतं, डब्लिन म्हणजे आयर्लंड, वेगळा देश, तिथे ब्रिटनच्या व्हिसावर चालतं का ते आधी तपासावं लागतं. आणि छत्री नेऊ नका, वाऱ्याने उलटी होते, टोपीचं जॅकेट न्या. काकूंना सांगा दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पर्समध्ये ठेवा, दुपारच्या जेवणात शाकाहारी म्हणून जे मिळेल त्याच्याकडे बघून ती चटणी आठवेलच.

प्रश्न : भो ताई, धुळ्याचा आहे, माझी 17 सीटर आहे, लग्नसराई सोडली तर उभीच असते. आपल्या खान्देशात अशी शूटिंग टूर काढली तर चालेल का? आपल्याकडे शूटिंग होतं तरी कुठे?

उत्तर : चालेल भो, पण वाडा-बंगला शोधत बसू नको. तुझ्याकडे 50 किलोमीटरवर मालेगाव आहे. नाशिक जिल्ह्यात असलं म्हणून काय झालं, हायवेवर तुझ्या दारातच आहे. पॉवरलूमच्या खडखडाटातून तिथल्या लोकांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर अख्खे पिक्चर काढले, सायकलवर कॅमेरा बांधून ट्रॉली शॉट घेतले. 2000 साली 'मालेगाव के शोले' निघाला, 2008 ला 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी जगभर फिरली, आणि 2025 ला त्याच मंडळींवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा मोठा हिंदी पिक्चर थेटरात लागला. शुक्रवारी लूम बंद असतात, अख्खं गाव पिक्चरला, तो वार धरून जा. आणि तिथला एखादा जुना कलाकार किंवा कॅमेरावाला गाईड म्हणून घे, रोजचे पैसे ठरवून दे. तूच माईक घेऊन गूगलवरचं वाचून दाखवलंस तर दुसऱ्या ट्रिपला माणूस येणार नाही.

टिकतं कसं ते बघायचं तर कर्नाटकात बघ. दूरदर्शनची 'मालगुडी डेज' 1986 च्या सुमाराची, शंकर नाग यांनी आगुंब्यात शूट केली. ज्या घरात शूटिंग झालं ते दोड्डमने अजून आहे, घरचे लोक तिथेच राहतात आणि येणाऱ्याला जेवू घालतात. अरसाळूचं छोटं स्टेशन सिरीयलमध्ये होतं, तर रेल्वेने 2020 ला तिथे मालगुडीचं म्युझियमच करून टाकलं. 35-40 वर्षांनी लोक जातायत, कारण तिथे जाऊन करण्यासारखं काहीतरी आहे, नुसतं इथे अमुक उभा होता असं नाही.

आणि हो, गाडीला टुरिस्ट परमिट आणि पिवळी पाटी आहे ना? पांढऱ्या पाटीवर पैसे घेऊन माणसं नेलीस तर पहिलं लोकेशन आरटीओ ऑफिसच होईल.

प्रश्न : माझी आई 81 वर्षांची, नंदुरबार. 1987 ला 'रामायण' लागायचं तेव्हा टीव्हीला हार घालायची, लॉकडाऊनमध्ये परत लागलं तेव्हा पण घातला. तिला ती जागा दाखवायचीय. कुठे आहे?

उत्तर : तुम्ही तर सगळ्यात जवळ आहात! गुजरातेत उंबरगावला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. नंदुरबारहून सुरतला या आणि तिथून मुंबईकडच्या गाडीने उंबरगाव रोड स्टेशनला उतरा. एका दमात नेऊ नका, सुरतला मुक्काम करा. आणि स्टुडिओत जाण्याआधी फोन करून विचारा, तिथे पुढेही मोठ्या पौराणिक मालिकांचं शूटिंग होत राहिलंय, काम चालू असताना गेटवर उभं राहायची वेळ आईंवर नको.

अयोध्या, लंका सगळे सेट होते, ते तेव्हाच उतरवले. समुद्र मात्र आहे तिथेच. आईंना संध्याकाळी चौपाटीवर खुर्चीत बसवा. आणि हार घेऊन निघाल्याच तर अडवू नका, कुठे घालायचा ते त्या बघतील.