डोपामाईनवर संशोधन करायचंय? आधी वर्तन मोजायला शीक

प्रिय विद्यार्थिनी,

तू प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहेस आणि पुढे उंदरांच्या मेंदूवर संशोधन करायचं म्हणतेस. ‘उंदरांवरून माणसाचं काय कळणार?’ असं घरचे विचारतात. ‘माझंच लक्ष टिकत नाही, मला हे जमेल का?’ ही तुझी शंका.

आधी घरच्यांचं. केंब्रिजला ट्रेव्हर रॉबिन्स हे मेंदूसंशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात उंदरांसाठी एक चाचणी तयार केली. पेटीच्या भिंतीत पाच छिद्रं असतात. उंदराने काही सेकंद थांबायचं. मग एका छिद्रात क्षणभर दिवा लागतो, तिथे नाक खुपसलं की खाऊ मिळतो. चुकीचं छिद्र निवडलं तर लक्ष कमी पडलं, दिवा लागायच्या आधीच नाक खुपसलं तर तो उतावीळपणा. आपण ज्याला सरसकट ‘चंचल’ म्हणून मोकळे होतो, ते इथे दोन वेगळ्या रकान्यांत मोजलं जातं. आणि त्यामागची मेंदूतली, पेशींमध्ये निरोप पोहोचवणारी रसायनंही तशीच वेगळी निघतात. सेरोटोनिन घटवलं की उतावीळपणा वाढतो, अचूकता मात्र फारशी ढळत नाही. मेंदूच्या तळाकडच्या ॲसिटिलकोलिनच्या पेशींना इजा झाली तर अचूकताच घसरते. नॉरॲड्रेनॅलिनवर काम करणारं ॲटोमॉक्सेटिन उंदरांचा उतावीळपणा कमी करतं, आणि हेच औषध एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि उतावीळपणाचा विकार, असलेल्या माणसांनाही दिलं जातं. घरी हे नक्की सांग.

२००७ मध्ये त्याच परंपरेतल्या एका प्रयोगात दिसलं, की उतावीळ उंदरांच्या मेंदूतल्या न्यूक्लियस अक्युम्बेन्स या भागात डोपामाईन या रसायनाचे काही ग्राहक (ते रसायन पकडणारे पेशींवरचे रेणू) कमीच उपलब्ध होते, तेही कोकेनचा थेंब मिळण्याआधी. पुढे कोकेन मिळालं तेव्हा हेच उंदीर ते जास्त घेत राहिले. व्यसनामुळे मेंदू बदलतो की मेंदूतल्या फरकामुळे व्यसन जडतं, हा प्रश्न माणसांत सोडवणं फार अवघड आहे, कारण माणूस दवाखान्यात येतो तो व्यसन लागल्यावर.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ‘डोपामाईन म्हणजे आनंदाचं रसायन.’ ते सोडून दे. डोपामाईन जवळपास नाहीसं केलेल्या उंदराच्या तोंडात साखरपाणी सोडलं तर तो मिटक्या मारतो, पण समोरचं अन्न खायला स्वतःहून उठत नाही. आवडणं शाबूत, ओढ गेलेली. हा फरक ज्याला महत्त्वाचा वाटतो, त्याने या क्षेत्रात जरूर यावं.

आता तुझं. एका उंदराला ही चाचणी शिकवायला कित्येक आठवडे लागतात. रोज ठरलेल्या वेळी वजन, पेटीची तपासणी, नोंदी. इथे तासन्‌तास एकाग्र बसण्यापेक्षा रोजचा नेम न चुकवणं जास्त उपयोगी पडतं, म्हणून तेवढ्यावरून माघार घेऊ नकोस. लक्ष न लागण्याने अभ्यासच अडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट, वाचून स्वतःचं निदान करू नकोस.

यापेक्षा कठीण प्रश्न वेगळा आहे. अनेक प्रयोगांच्या शेवटी मेंदू तपासण्यासाठी प्राणी मारावा लागतो. प्राण्यांची संख्या आणि वेदना कमीत कमी ठेवणं बंधनकारक असलं, तरी हे काम तुझ्या हातून होईल का, हे पदव्युत्तर प्रवेशाआधीच ठरव. एखाद्या प्रयोगशाळेत काही आठवडे काम करायची परवानगी माग. नाहीच जमलं तर संगणकावर बक्षिसाची अपेक्षा आणि शिकणं यांची गणिती प्रारूपं मांडणारे संशोधकही डोपामाईनच्याच प्रश्नांवर काम करतात. दोन्ही वाटांना संख्याशास्त्र आणि पायथॉन ही संगणकाची भाषा लागतेच, ते या सत्रातच सुरू कर.