आधी बाटली नीट भरायला शिका

पिण्याच्या पाण्यातला किरणोत्सर्ग तपासायचा म्हणजे गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) ग्लासाशेजारी धरून आकडा बघायचा, ही पहिली चूक जवळजवळ सगळेच करतात. किरणोत्सर्गी पदार्थांतून निघणारे अल्फा कण पाण्यात एक दशांश मिलिमीटरही पुढे जात नाहीत, त्यामुळे यंत्र गप्प राहतं आणि पाणी निर्धोक वाटतं. मोजणी प्रयोगशाळेवर सोडा. तुमचं काम नमुना घेणं.

रेडॉन हा पाण्यातून सहज निसटणारा किरणोत्सर्गी वायू, म्हणून त्याचा नमुना सगळ्यात नाजूक:

- नळाची जाळी काढा, दहा मिनिटं पाणी वाहू द्या.
- नळी बादलीच्या तळाशी सोडून संथ धार ठेवा. काचेची बाटली पाण्यात बुडवूनच भरा, झाकणही पाण्याखालीच लावा.
- बाटली उलटी करा. बुडबुडा दिसला? ओता, पुन्हा भरा.
- वेळ लगेच लिहा, 3.8 दिवसांत रेडॉन निम्मा होतो.

युरेनियम-रेडियमसाठी प्लास्टिकची वेगळी बाटली. त्यात घालायचं नायट्रिक आम्ल प्रयोगशाळेलाच घालू द्या.

अहवालात एकूण अल्फा 0.5 आणि एकूण बीटा (किरणोत्सर्गाचा दुसरा प्रकार) 1 बेकरेल (किरणोत्सर्गाचं एकक) प्रति लिटरच्या आत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार पुढची चाचणी लागत नाही. बीटा वाढला म्हणून घाबरू नका, बऱ्याचदा तो पोटॅशियम-40 मुळे, म्हणजे पोटॅशियमच्या नैसर्गिक किरणोत्सर्गी प्रकारामुळे असतो. युरेनियमचा धोका मात्र आधी मूत्रपिंडाला, म्हणून तो मायक्रोग्रॅममध्ये तपासा. मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे 30. आणि पाणी उकळल्याने रेडॉन उडतो, युरेनियम तिथेच राहतं.