मुलांना कॉपीराइट शिकवायचाय, तर त्यांच्याच चित्रापासून सुरू करा

ताई, तुम्ही विचारलंय की आठवी-नववीची मुलं प्रोजेक्टमध्ये नेटवरचे फोटो चिकटवतात आणि खाली 'साभार गूगल' लिहितात, तर त्यांना कॉपीराइट कसा समजवायचा. मी वर्गात कायद्यापासून सुरुवात करतच नाही. आधी प्रत्येकाला काहीतरी काढायला किंवा चार ओळी लिहायला सांगते, मग सांगते की हे कागदावर उतरलं तेव्हाच याचा कॉपीराइट, म्हणजे हे छापायचं-वापरायचं कोणी ते ठरवायचा हक्क, तुमचा झाला, नोंदणी लागत नाही, फी लागत नाही, गोलातला सी (©) पण लागत नाही. आता उद्या कोणी हे चित्र तुम्हाला न विचारता कॅलेंडरवर छापलं आणि खाली तुमचं नाव टाकलं तर चालेल का? मुलं लगेच "नाही!" म्हणतात. नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली, हा सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच निघतो. आणि गूगल फक्त शोधून देतं हो, फोटो काढणारा माणूस वेगळाच असतो.

पुढचा तास तुकारामांच्या अभंगावर. शब्द सतराव्या शतकातले, ते सगळ्यांचे. पण त्याला एखाद्या आजच्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची असते, आणि स्टुडिओत झालेलं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा कंपनीचं, त्याला प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. म्हणून मुलांनी स्वतः चाल लावून अभंग म्हटला तर काहीच प्रश्न नाही, पण कुठलं तरी रेकॉर्डिंग उचलून व्हिडिओच्या मागे लावलं की प्रश्न येतो. "३० सेकंदांपर्यंत चालतं" असं मुलं हमखास सांगतात, तसं आपल्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

लेखकाचं म्हणाल तर मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं झालं. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत नाही. पुस्तक बाजारात मिळत नाही म्हणून ते फुकट झालं असं होत नाही.

पण नुसती भीती घालू नका, मला ते अगदी पटत नाही. काही शाळांत आता शिक्षकच घाबरून एक उतारासुद्धा झेरॉक्स करत नाहीत. १९५७ च्या कायद्यातलं कलम ५२ शिकण्या-शिकवण्यासाठी चांगली मोकळीक देतं. ऑक्सफर्ड, केंब्रिज वगैरे प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सवाल्यावर केस केली होती, पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून विद्यार्थ्यांना देतो म्हणून, आणि २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने शिकवण्यासाठी लागतं तेवढं कॉपी करणं चालतं असंच सांगितलं. गॅदरिंगचंही तसंच, मुलांनी नाटुकलं केलं, गाणं म्हटलं, समोर पालक आणि शिक्षक, तर ते या मोकळिकीत बसतं. तोच कार्यक्रम यूट्यूबवर टाकलात की मामला बदलतो, कारण तिथे सगळं जग प्रेक्षक आहे. मुलांना हा फरक नीट दाखवा, बाकी कलमं पाठ नाही झाली तरी चालेल.

आणि प्रोजेक्टच्या फोटोंसाठी त्यांना विकिमीडिया कॉमन्सवर न्या, तिथे अटी पाळून वापरता येतील असे फोटो असतात. एक फोटो उघडायचा, खाली स्क्रोल करून लायसन्स, म्हणजे फोटो कोणत्या अटींवर वापरता येईल ते, वाचायचं, आणि 'साभार गूगल'च्या जागी फोटोग्राफरचं नाव, लायसन्सचं नाव आणि लिंक लिहायची. पहिल्या वेळी वेळ लागतो, नंतर मुलं आपसातच "लायसन्स बघितलंस का?" विचारायला लागतात.