पायथनचं पुस्तक पाचव्या प्रकरणाशी अडलंय, त्याबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तीन महिन्यांपूर्वी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं ‘करून शिका’ धाटणीचं पुस्तक घेतलंत. डोंबिवलीहून कामावर जाता-येता लोकलमध्ये त्याची पीडीएफ वाचता, रविवारी त्यातला कोड कॉपी-पेस्ट करून चालवता आणि तो चालतोही. पण कोरी फाइल उघडली की एक ओळ सुचत नाही. पाचव्या प्रकरणाच्या पुढे गाडी सरकेना म्हणून विचारताय की पुस्तक बदलू, व्हिडिओ बघू, की बी.कॉम. आणि मराठी माध्यम हेच आड येतंय?

मी बारा वर्षं अकाउंट्सचं काम केल्यावर अशाच एका पुस्तकावरून पायथन शिकले. गेली काही वर्षं शनिवारी संध्याकाळी चार-पाच जणांना घरी शिकवते. पुस्तक बदलू नका. बी.कॉम. मुळीच आड येत नाही. आड येतंय ते कॉपी-पेस्ट.

अशा पुस्तकात समजावणं कमी आणि प्रोग्रॅम जास्त असतात, कारण वाचणारा ते स्वतःच्या हाताने टाइप करणार हे लेखकाने धरलेलं असतं. टाइप करताना कोलन राहतो, कंस उघडा राहतो, चार स्पेस हव्यात तिथे तीन पडतात. पायथन अडतो, तुम्ही शोधता, सापडतं. निम्मा धडा या शोधाशोधीत असतो आणि पेस्ट केलं की तो गळतो. शिवाय पीडीएफमधून उचललेल्या कोडचं इंडेंटेशन, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, पुष्कळदा विसकटतं, सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार येतात, आणि मग भलत्याच कारणासाठी तासभर जातो.

पुस्तक जुनं आहे का, एवढं मात्र बघून घ्या. पहिल्याच प्रोग्रॅममध्ये प्रिंटपुढे कंस नसेल तर ते पायथन २ साठी लिहिलेलं आहे. त्या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. तिथे सात भागिले दोन केलं की ३ येतात, पायथन ३ मध्ये ३.५. असं पुस्तक असेल तर खरंच बाजूला ठेवा. कंस असेल तर ते तुम्हाला पुरेल.

आता खरी अडचण. तुम्ही लिहिलंय, ‘फॉर लूप वाचताना कळतो, लिहिताना गोंधळ होतो.’ फॉर लूप म्हणजे यादीतल्या एकेकासाठी तेच काम पुन्हा करायची सूचना. पुस्तकात तिची ओळ असते ‘फॉर नेम इन नेम्स’. यातलं फॉर आणि इन पायथनचं, नेम आणि नेम्स ही लेखकाने स्वतःच्या मनाने ठेवलेली नावं. पण चारही शब्द इंग्रजी, एकाच अक्षरात छापलेले. इंग्रजीत वाढलेल्याला निदान नेम म्हणजे नाव एवढं आपोआप जाणवतं. आपल्याला चारही शब्द मंत्रासारखे वाटतात आणि आपण ते तसेच पाठ करतो. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे अडलेला असतो, आणि मीही अडले होते.

त्यावर उपाय असा: पुस्तकातला प्रोग्रॅम टाइप करताना लेखकाची सगळी नावं मराठी करा. नेम्सच्या जागी ‘यादी’, नेमच्या जागी ‘सभासद’, प्राइसच्या जागी ‘भाव’. इंग्रजी लिपीत मराठी स्पेलिंग करून लिहा. पायथन ३ ला देवनागरी नावंही चालतात, पण सारखा कीबोर्ड बदलावा लागतो. एखादा शब्द बदलल्यावर प्रोग्रॅम मोडला, तर तो पायथनचा शब्द होता किंवा दुसरीकडे कुठेतरी बदलायचा राहिला. आठवडाभर हे केलंत की पानावर नुसती नजर टाकून पायथनचं कुठलं आणि लेखकाचं कुठलं ते कळायला लागेल. मराठी माध्यमाचा इथे फायदाच होतो, कारण आपल्याला ही फोड दिसते.

लोकलमधला वेळ वाया घालवू नका, पण तिथे पुढचं प्रकरण वाचू नका. आदल्या रात्री टाइप केलेला प्रोग्रॅम उघडा आणि एका ओळीत बदल केला तर काय छापून येईल ते छोट्या वहीत लिहा. रेंज (ओळीने आकडे देणारा पायथनचा शब्द) १ ते १० दिली तर शेवटचा आकडा कुठला? घरी येऊन चालवून बघा. उत्तर ९ येतं, दहा येत नाही. वहीत तुम्ही दहा लिहिलेलं असेल तर ती चूक पुन्हा सहसा होणार नाही.

लाल अक्षरातल्या एररची भीती वाटते असंही म्हणालात. ती खालून वाचायची. सगळ्यात खालच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, तिच्या वर कितव्या ओळीत बिघडलं ते. नेमएरर आली तर बहुधा स्पेलिंग चुकलंय किंवा ते नाव वापरण्याआधी त्याला काही दिलेलंच नाही. टाइपएरर म्हणजे नको त्या दोन गोष्टी एकत्र आल्यात, जसं अक्षरांच्या ओळीत आकडा मिळवणं. सुरुवातीला अशा पाच-सहाच एरर पुन्हा पुन्हा भेटतात.

आता कोऱ्या फाइलबद्दल. पुस्तकातला तापमान बदलायचा प्रोग्रॅम स्वतःहून लिहावासा वाटत नाही, कारण ते तापमान आपल्याला नको असतं. भिशी घ्या. बारा सभासद, महिना हजार रुपये. पहिल्या रविवारी एवढंच करा: बारा नावांची यादी, हप्ता इनपुटने (वापरणाऱ्याकडून उत्तर टाइप करून घेणारी सूचना) विचारायचा, हप्त्याला बाराने गुणून जमा रक्कम छापायची.

चालवा, हप्ता १००० द्या. बारा हजार येणार नाहीत. १००० हेच बारा वेळा एकापुढे एक छापलेलं, अठ्ठेचाळीस अंकी लांबलचक काहीतरी येईल, आणि एरर एकही नसेल. इथे घाई करू नका, त्या आकड्याकडे नीट बघा. इनपुट जे देतं ती अक्षरं असतात, आकडा नसतो, आणि अक्षरांना बाराने गुणलं की पायथन ती बारा वेळा लिहितो. इनपुटला इंटमध्ये, म्हणजे अक्षरांचा आकडा करणाऱ्या सूचनेत, गुंडाळा, बारा हजार येतील. कुणी देवनागरी अंकांत टाइप केलं तरी इंट त्याचा आकडा करून देतं. हिशोबाच्या कामात माझी बारा वर्षं गेली म्हणून सांगते, एरर न देता चुकीचं उत्तर देणारा प्रोग्रॅम सगळ्यात घातक. उत्तर साधारण किती यायला हवं ते चालवण्याआधी मनात ठेवायची सवय आत्ताच लावा. अकाउंट्सवाल्याला ती आधीच असते.

दुसऱ्या रविवारी चिठ्ठी काढा. पायथनसोबत येणाऱ्या रँडम मॉड्यूलमधलं (तयार कोडची फाइल) चॉइस यादीतून एक नाव उचलून देतं. फाइलचं नाव मात्र रँडम ठेवू नका, चिठ्ठी किंवा भिशी ठेवा. नाहीतर पायथन आपल्या रँडमऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि चॉइस नावाचं काही इथे नाही अशी तक्रार करतो. यात माझा एक अख्खा रविवार गेला होता. कोडमध्ये एकही चूक नव्हती, म्हणून ती सापडत नव्हती.

चिठ्ठी लागलेल्याचं नाव यादीतून काढावं लागेल, नाहीतर एकालाच दोनदा लागेल. तिथे रिमूव्ह लागतं. बाराही नावं संपल्यावर तेराव्यांदा चिठ्ठी काढलीत तर रिकाम्या यादीतून उचलता येत नाही म्हणून इंडेक्सएरर येईल, मग इफची, म्हणजे ‘यादीत नाव असेल तरच’ अशा अटीची, गरज पडेल. आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालवला की सगळी नावं परत यादीत, कोणाला लागली त्याची आठवणच नाही. त्यासाठी फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं. तुमच्या पुस्तकात फाइलचं प्रकरण पुढे कुठेतरी असेल, थेट तिथे उडी मारा. मधलं राहिलं तर राहू द्या. गरज घेऊन उघडलेलं प्रकरण एका बैठकीत संपतं.

व्हिडिओ बघायला हरकत नाही, पण एखाद्या ठिकाणी अडलात तर तेवढ्यापुरता. नुसतं बघून हात बसत नाही.

कालावधी विचारलात. आठवड्याला पाच-सहा तास हाताने टाइप करणाऱ्या माझ्याकडच्या बहुतेकांना स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहायला तीन-चार महिने लागले. तुमचे गेलेले तीन महिने यात धरू नका, पण ते फुकटही गेले नाहीत. शब्द तुमच्या ओळखीचे झालेत, पहिली पाच प्रकरणं आता दोन आठवड्यांत टाइप करून होतील.

भिशीत अडलात तर स्क्रीनचा फोटो टाकू नका, सगळा कोड आणि एररची शेवटची ओळ तशीच्या तशी इथे टाइप करून टाका. मी रविवारी दुपारी बघते. आणि पहिली चिठ्ठी कुणाला लागली तेही लिहा.