इंग्लिश लिंग्विस्टिक्सला जायचं म्हणतेस तर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. ‘माझं इंग्लिश पहिल्यापासून चांगलं, म्हणून इंग्लिश लिंग्विस्टिक्समध्ये, म्हणजे इंग्लिशच्या भाषाविज्ञानात, एम.ए. करावं म्हणते,’ यातला ‘म्हणून’ मला खटकला. चांगल्या इंग्लिशचा उपयोग होतो, पण तेवढ्यावर दोन वर्षं निघत नाहीत. कुणी चुकीचं बोललं की तुला ते दुरुस्त करावंसं वाटतं, की हा माणूस असं का बोलला याचा छडा लावावासा वाटतो? दुसरं असेल तरच पुढचं वाच.

तोंडासमोर तळहात धर आणि ‘किल’ नि ‘स्किल’ म्हण. आपण बहुतेक दोन्हीकडे एकच क म्हणतो, हाताला फारसं काही लागत नाही. लंडनच्या माणसाच्या ‘किल’मध्ये क सुटताना हवेचा झोत येतो, तो जवळजवळ आपला ख. ‘स्किल’मध्ये मात्र झोत नाही. गंमत म्हणजे त्याला स्वतःला हा फरक दाखवून दिल्याशिवाय सहसा कळत नाही, कारण त्याच्या भाषेत त्यानं अर्थ बदलत नाही. आपल्याकडे कडा आणि खडा वेगळे, त्यामुळे आपला कान तयार असतो. आता स्वतःचं रेकॉर्डिंग आणि बीबीसीच्या बातम्यांतला असा एखादा शब्द ‘प्रात’मध्ये उघड. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. क सुटतो तिथली उभी रेघ आणि स्वराची कंपनं सुरू होतात ती जागा, यांतलं अंतर मिलिसेकंदांत मोज. यात दुपार कधी गेली ते कळलं नाही, तर अर्ज भर. कंटाळलीस तर साहित्य घे. त्यात कमीपणा काहीच नाही.

प्रबंधाच्या विषयासाठी लांब जायला नको. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ साली भारतात छापलेल्या इंग्लिशचा सुमारे दहा लाख शब्दांचा कॉर्पस, म्हणजे अभ्यासासाठी गोळा केलेला भाषेच्या नमुन्यांचा साठा, उभा केला. पाचशे उतारे, प्रत्येकी दोनेक हजार शब्दांचे. बेत अमेरिकेतल्या ब्राउन कॉर्पसच्या मापाचा, त्यामुळे दोन्हींची तुलना करता येते. जगभर तो ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणूनच ओळखला जातो. (तांबड्या-पांढऱ्या रश्श्यापलीकडची ही कीर्ती कोल्हापूरकरांनाही सांगावी लागते.)

समजा, ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ छापाची वाक्यं तू घेतलीस, म्हणजे ‘आय हॅव’च्या जागी ‘हॅविंग’. हे खास आपलं इंग्लिश असं सगळेच सांगतात. पण नक्की कोण, कुठे, किती वेळा बोलतं? कोल्हापूर कॉर्पसमध्ये शोधशील तर छापील इंग्लिश हाती लागेल, म्हणजे बरंचसं संपादकाच्या हाताखालून गेलेलं. तिथे ही वाक्यं कमी सापडली, म्हणून लोक तसं बोलत नाहीत असं लिहिलंस तर व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सोलून काढतील. बोलण्यासाठी आइस-इंडिया हा भारतीय इंग्लिशचा दुसरा कॉर्पस बघ. त्याच्या आराखड्यात पाचशेपैकी तीनशे नमुने बोलण्याचे आहेत. आधी प्रश्न ठरव, मग कॉर्पस निवड. पोरं नेमकं उलटं करतात.

आता पोटापाण्याचं. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेला इंग्लिश आणि लिंग्विस्टिक्स हे वेगळे विषय आहेत. उद्या कॉलेजात इंग्लिशच शिकवायचं असेल, तर लिंग्विस्टिक्सची एम.ए. त्या जागेला चालेल का, हे प्रवेशाआधी जाहिराती काढून तपास; नंतर कुणी ऐकून घेत नाही. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि हैदराबादची इफ्लू (इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी) या दोन्हींचे सिलॅबस शेजारी ठेवून बघ. डेक्कनला भाषाविज्ञान शिकशील, त्यात इंग्लिश ही अनेकींपैकी एक भाषा. जमलं तर थोडं पायथन हे प्रोग्रामिंग शीक, नोकरीच्या वेळी हात देतं.

आणि अर्जासोबतच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमधलं ‘लहानपणापासून भाषेची आवड’ आधी खोड. तिथे ‘हॅविंग’चा प्रश्न येऊ दे, कुठला डेटा वापरणार ते येऊ दे. कच्चा मसुदा रविवारपर्यंत पाठव. दोन पानांच्या आत, आणि अक्षरं मोठी ठेव, माझा चष्मा बदलायला टाकलाय.